पाण्याचे मोडलेले थांबे

मार्चअखेर, शेतातले बर्फ वितळत असते तेव्हा, अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात एखाद्या चराच्या काठी उभे राहावे. चर दोरी लावून आखल्यासारखा सरळ, माणूसभर खोल. त्याच्या उतारावरच्या वाळक्या गवतातून एका नळीचे तोंड बाहेर आलेले असते आणि त्यातून पाण्याची धार चरात पडत असते. पुढे तसेच दुसरे तोंड, त्यापुढे तिसरे. पाणी ओंजळीत घेतले तर नितळ दिसते. गाळ नाही, रंग नाही, वास नाही. वरच्या शेतात गेल्या हंगामातल्या मक्याची धसकटे उभी असतात. या नितळ पाण्यात विरघळलेला स्फुरद असतो. चार-पाच महिन्यांनी तोच स्फुरद ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला हिरव्या, दाट साईच्या रूपाने पाण्यावर येतो.

जमिनीचा वापर आणि पाण्यात उतरणारी पोषकद्रव्ये या विषयाची मांडणी सहसा खताच्या पोत्यापासून सुरू होते. आजच्या व्याख्यानाची सुरुवात नळीच्या तोंडापासून करण्यामागे कारण आहे. खत किती टाकले, याची चर्चा खूप झाली. ते खत घेऊन निघालेले पाणी वाटेत कुठे थांबते, किती वेळ थांबते आणि कुणी त्याचा थांबा मोडला, हा प्रश्न मात्र मागेच राहिला आहे. नदीचे आजारपण बहुधा तिथे सुरू होते.

मॉमी नदी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरापाशी दोन प्रवाहांच्या संगमातून तयार होते आणि टोलेडो शहराजवळ ईरी सरोवराला मिळते. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांत हिचेच खोरे सगळ्यांत मोठे, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. एके काळी इथे हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचे सरोवर होते. ते आटले आणि मागे चिकणमातीचा सपाट तळ उरला. त्या तळावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक प्रचंड दलदल होती. लोक तिला ग्रेट ब्लॅक स्वॉम्प, मोठी काळी दलदल, म्हणत. एल्म आणि अ‍ॅशच्या झाडांची इतकी गच्च दाटी की खाली ऊन पोहोचत नसे. उन्हाळ्यात डास आणि हिवताप, पावसात गाड्यांची चाके आसापर्यंत रुतलेली. वसाहतीला आलेले लोक तिला वळसा घालून पुढे जात.

१८५९ मध्ये ओहायोत चरांचा कायदा झाला. त्यामुळे सार्वजनिक चर खणायचा आणि ज्यांच्या जमिनीला त्याचा फायदा होईल त्यांच्याकडून खर्च वसूल करायचा, अशी सोय झाली. पण चर खणून वरचे पाणी गेले तरी चिकणमातीच्या पोटातले पाणी हटत नाही. त्यासाठी भाजक्या मातीच्या नळ्या आल्या. स्कॉटलंडहून न्यूयॉर्क राज्यात येऊन स्थायिक झालेल्या जॉन जॉन्स्टन या शेतकऱ्याने १८३५ च्या सुमारास मायदेशातला नमुना मागवून आपल्या शेतात अशा नळ्या पुरल्या होत्या. दलदलीखाली चिकणमाती अमाप, जळणाला लाकूड अमाप. ओहायोत गावोगावी नळ्यांच्या भट्ट्या लागल्या. शतकाच्या शेवटी नळीचा चर खणणारे वाफेवरचे यंत्रही याच भागात तयार झाले. १९०० साल उजाडेपर्यंत दलदल संपली होती. तिच्या जागी अमेरिकेतली उत्तमांत उत्तम गणली जाणारी काळी शेतजमीन पसरली होती.

त्या माणसांना दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. हिवतापाने मुले दगावत असताना, चिबड रानात बी कुजत असताना पाण्याचा निचरा करणे हे कुणालाही पुण्याचेच काम वाटले असते. पण त्या पाण्याला तिथे काय काम होते, हे तेव्हा कुणी विचारले नाही. दलदलीत पाणी सावकाश सरकते. त्यातला गाळ खाली बसतो आणि स्फुरदाचा मोठा भाग मातीच्या कणांना चिकटून असल्यामुळे त्या गाळाबरोबर तोही बसतो. काही भाग वनस्पती उचलतात. नत्राचे तर रूपच बदलते. हवा नसलेल्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचा वायू करून तो आकाशात सोडून देतात. एक नवा पैसा खर्च न करता चाललेला हा कारखाना होता. नळ्या पुरल्या, त्या दिवशी तो बंद पडला.

दलदलीबरोबर तिथली झाडेही गेली. नुसता झाडोरा गेला तर काय होते, याचा थेट पुरावा न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रुक या प्रायोगिक वनात मिळाला. जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडे तोडली. लाकूड तिथेच पडू दिले आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून तणनाशक मारले. तिथे खताचा एक कणही टाकलेला नव्हता. तरीही ओढ्यातल्या नायट्रेटचे प्रमाण शेजारच्या न तोडलेल्या जंगलाच्या तुलनेत पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. जमिनीतले नत्र आधीपासूनच तिथे होते. ते अडवून धरणाऱ्या मुळ्या तेवढ्या गेल्या होत्या.

आता सरोवराकडे. ईरी हे पाचांतले सगळ्यांत उथळ, आणि त्याचा पश्चिम भाग तर सरासरी सात-साडेसात मीटरच खोल. उन्हाळ्यात तो भराभर तापतो. १९६० च्या दशकात वर्तमानपत्रे त्याला मेलेले सरोवर म्हणू लागली होती. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट (म्हणजे स्फुरदच), सगळे त्यात येत होते. या घाणीतला नेमका कोणता घटक शेवाळ माजवतो, यावर मोठा वाद होता. साबण उद्योगाचे म्हणणे होते की दोष फॉस्फेटचा नाही.

त्या वादाचा निकाल एका छायाचित्राने लावला, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, प्रयोगासाठी राखलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाचे एक सरोवर मधोमध चिंचोळे आहे. डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये त्या चिंचोळ्या जागी प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि स्फुरद. थोड्याच आठवड्यांत विमानातून फोटो काढला. पडद्याच्या एका बाजूला गडद निळे पाणी, दुसऱ्या बाजूला वाटाण्याच्या पिठल्यासारखे हिरवे. आलेख वाचता न येणाऱ्या माणसालाही तो फोटो कळत होता.

अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९७२ मध्ये महासरोवरांच्या पाण्याचा करार झाला होता. १९७८ मध्ये त्यात सुधारणा होऊन ईरीत वर्षाला ११ हजार टनांहून जास्त स्फुरद जाऊ नये, अशी मर्यादा ठरली. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांवर मोठा पैसा खर्च झाला, धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट कमी झाले आणि १९८० च्या दशकात ती मर्यादा गाठली गेली. पाणी निवळले. वॉलाय नावाचा, मच्छीमारांचा लाडका मासा परत आला. पर्यावरणाच्या इतिहासात इतका स्वच्छ विजय क्वचित सापडतो.

आणि तरीही २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे टोलेडोच्या नागरिकांना निरोप गेला: नळाचे पाणी पिऊ नका, उकळूही नका. उकळू नका, याचे कारण असे की मायक्रोसिस्टिन हे विष उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याची तीव्रता वाढते. ते विष तयार करणारे जीव निळ्या-हिरव्या शेवाळाचे, आणि त्यांची साय थेट शहराच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणावर येऊन बसली होती. सुमारे चार-पाच लाख लोक जवळजवळ तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर राहिले. जगातल्या गोड्या पाण्याच्या सगळ्यांत मोठ्या साठ्यांपैकी एकाच्या काठावर लोक पाण्याच्या बाटल्यांसाठी रांगा लावून उभे होते. ४ ऑगस्टला महापौरांनी सगळ्यांसमोर नळाच्या पाण्याचा पेला पिऊन दाखवला, तेव्हा बंदी उठली.

मग १९८० च्या दशकात जिंकलेली लढाई कुठे हरली?

उत्तर टिफिन नावाच्या लहानशा गावातल्या एका छोट्या विद्यापीठाकडे होते. हायडेलबर्ग विद्यापीठात डेव्हिड बेकर यांनी १९६९ मध्ये पाण्याची प्रयोगशाळा सुरू केली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तिथले लोक मॉमी आणि आसपासच्या नद्यांचे नमुने जमवत आले. नमुने रोज, दिवसातून अनेक वेळा घेतले जातात. पूर असो, बर्फ असो, नाताळ असो, बाटली भरायचीच. कंटाळवाणे वाटेल असे हे काम त्यांनी दशकानुदशके केले. त्या बाटल्यांनी सांगितले की मातीला चिकटून येणारा स्फुरद कमी होत गेला, पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला स्फुरद चढत गेला. शेवाळाला हाच हवा असतो. मातीला चिकटलेला स्फुरद त्याला मोठ्या प्रयासाने मिळतो, विरघळलेला आयता मिळतो.

यामागची गोष्ट मन लावून ऐकण्यासारखी आहे, कारण त्यात कुणीही लबाडी केलेली नाही. मातीची धूप थांबावी म्हणून शेतकऱ्यांना शून्य मशागतीचा सल्ला दिला गेला. त्यांनी तो पाळला, नांगर बाजूला ठेवला, धसकटे रानातच राहू दिली, आणि धूप खरोखर कमी झाली. पण नांगरट बंद झाल्यावर वरून फेकलेले खत मातीत मिसळेनासे झाले. ते वरच्या दोन-चार सेंटिमीटरच्या थरात साचत गेले. शेते मोठी, माणसे कमी, म्हणून खत पसरण्याचे काम पिके निघाल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर उरकण्याची सवय लागली. चिकणमातीला भेगा पडतात, गांडुळांची बिळे असतात. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर वरच्या थरातला स्फुरद या भेगांतून सरळ खाली उतरतो आणि नळीत जातो. ओहायो-इंडियानाच्या शेतांवर झालेल्या मोजणीत विरघळलेल्या स्फुरदाचा जवळजवळ निम्मा भाग असा जमिनीखालच्या नळ्यांतून जाताना आढळला. जुन्या समजुतीप्रमाणे नळीत फक्त नायट्रेट यायला हवे होते. स्फुरद मातीला धरून राहतो, असे सगळेच शिकवत. माती चाळणीसारखी काम करील, तर ते खरे आहे. भेग ही चाळणी नसते.

मॉमीच्या खोऱ्यात चार भागांपैकी जवळपास तीन भाग पिकाखाली आहेत. सरोवरात जाणाऱ्या स्फुरदातला ८५ ते ९० टक्के भाग शेतीसारख्या विखुरलेल्या उगमांतून येतो. शहराच्या सांडपाण्याच्या नळाला तोंड असते, तिथे शुद्धीकरण केंद्र बांधता येते. इथे तोंडे लाखो.

आता एक छोटा हिशेब. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांनी स्फुरदात २००८ च्या पातळीपासून ४० टक्के कपात करायचे ठरवले. मॉमीपुरते ते उद्दिष्ट मार्च ते जुलै या काळात एकूण ८६० टन स्फुरद, असे आहे. १७ हजार चौरस किलोमीटरने भागले तर हेक्टरी साधारण अर्धा किलो येते. म्हणजे एकरी दोनशे ग्रॅम. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर एकरी एक किलो डीएपी. पन्नास किलोचे पोते १,३५० रुपयांना धरले तर २७ रुपयांचे खत. तेवढेच वाहून गेले तर सरोवर तगते, त्याच्या सुमारे पावणेदोन पट गेले तर टोलेडोचे नळ बंद करावे लागतात. २७ रुपये आणि ४५ रुपये यांतला फरक कोणत्या शेतकऱ्याला आपल्या वहीत दिसणार आहे? त्याच्या दृष्टीने काही वाया गेलेलेच नाही. या विषयातली सगळी अडचण या एका फरकात साठवलेली आहे. ‘शेतकरी खत उधळतात’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

टोलेडोच्या मतदारांनी २०१९ च्या फेब्रुवारीत सरोवरालाच हक्क देणारा ठराव ६१ टक्के मतांनी मंजूर केला. एक शेतकरी कुटुंब न्यायालयात गेले आणि वर्षभरात संघराज्य न्यायालयाने तो ठराव रद्द केला. भावना समजण्यासारखी होती, पण वर सांगितलेला हिशेब पाहता खटल्यांनी हे पाणी निवळेल, असे वाटत नाही. ओहायोने गोठलेल्या जमिनीवर खत पसरण्यास बंदी घातली आणि पुढे शेतकऱ्यांना पैसे देऊन खत मातीत पेरून घालणे, दोन पिकांच्या मध्ये आच्छादनाचे पीक घेणे, असे उपाय सुरू केले. कपातीची मुदत २०२५ होती. ती पाळता आली नाही. मातीत दशकानुदशके साचलेला जुना स्फुरद अजून झिरपतो आहे, आणि वसंतातले मोठे पाऊस वाढले आहेत.

विल्यम मिट्श या पाणथळ जागांच्या अभ्यासकाने सुचवलेला उपाय सगळ्यांत सरळ आहे: जुन्या दलदलीचा दहावा भाग, सुमारे ४० हजार हेक्टर, पाण्याला परत द्या. उत्तम शेतजमिनीबद्दल असे बोलणे सोपे नाही. पण टोलेडोजवळ हॉवर्ड मार्श येथे जवळजवळ हजार एकर शेतात पुन्हा पाणी सोडले गेले आणि २०१८ मध्ये ती जागा लोकांसाठी खुली झाली. जिथे मक्याच्या ओळी होत्या तिथे आता लव्हाळे आणि बदके आहेत.

सगळी कथा स्फुरदाची नाही. समुद्रात शेवाळाला बहुतेक वेळा नत्र हवे असते. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या अशाच नळ्यांतून आलेले नायट्रेट मेक्सिकोच्या आखातात पोहोचते. तिथे शेवाळ मरून तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. नॅन्सी रॅबले यांनी १९८५ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात हा प्राणवायू संपलेला पट्टा मोजला. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर निघाला. सोलापूर आणि कोल्हापूर हे दोन जिल्हे शेजारी ठेवले तर साधारण तेवढा विस्तार होतो.

सोलापूरचे नाव आले ते बरे झाले. सोलापूर शहर उजनी धरणाचे पाणी पिते. उजनीचे पाणलोट क्षेत्र जवळपास १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मॉमीच्या खोऱ्याच्या जोडीचे. भीमा, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी शेवटी इथेच येते, आणि त्याबरोबर पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणीही. ईरीने १९६० आणि १९९० च्या दशकांत एकामागून एक झेललेले दोन आजार उजनीने एकाच वेळी अंगावर घेतले आहेत: शहराची गटारे आणि काठचा ऊस. आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. प्रत्यक्षात युरियाच स्वस्त, ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, त्यामुळे नत्राचा हात सैल सुटतो. उन्हाळ्यात धरणाचे पाणी हिरवे पडते, नदीवर जलपर्णी पसरते, भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलेल्यांच्या नाकाला वास येतो. काठच्या मच्छीमाराला त्यातून सुटका नाही. शहराचे मैलापाणी पूर्ण शुद्ध झाले तर उजनी निवळेल, असे मानणाऱ्यांनी ईरीची दुसरी फेरी डोळ्यांपुढे ठेवावी.

ओहायोच्या नळ्यांचे त्याहून जवळचे नाते शिरोळ आणि वाळवा तालुक्यांशी आहे. कृष्णाकाठी भरमसाट पाण्यामुळे हजारो एकर जमीन क्षारपड झाली. चांगली काळी राने पांढरी पडली, ऊस पिवळा पडून बसला, सातबारा हातात आणि पीक शून्य. गेल्या काही वर्षांत शिरोळमध्ये शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, कर्ज काढून, सच्छिद्र नळ्या पुरून निचरा केला आणि अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणली. ओसाड रानात पुन्हा ऊस हलताना पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतले पाणी ज्याने पाहिले, त्याला या कामाबद्दल आदरच वाटेल. पण तंत्र तेच आहे, ओहायोच्या काळ्या दलदलीतले. काळ्या मातीच्या भेगा तर ओहायोहून रुंद, उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा. आज त्या नळ्यांतून क्षार बाहेर पडतो. उद्या जमीन सुधारल्यावर, ऊस जोमात आल्यावर, त्याच नळ्यांतून नायट्रेट येईल, आणि मुख्य नळीचे तोंड ओढ्यात, ओढा कृष्णेत. म्हणून जिथे मुख्य नळी ओढ्याला मिळते तिथे दहा-वीस गुंठ्यांचे लव्हाळ्याचे तळे राखण्याचा आग्रह आत्ताच, नळ्या नव्या असतानाच, धरायला हवा. ओहायोला ही जाग यायला शंभर वर्षे लागली.

खत मातीत पेरून देण्यासाठी ओहायोत आज अनुदान द्यावे लागते. सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ती गोष्ट नवी नाही. दोन चाड्यांची पाभर एका चाड्यातून बी सोडते आणि दुसऱ्यातून खत, आणि दोन्ही ओल्या मातीत जातात. जिराईत ज्वारीच्या या शहाणपणाला बागायती उसाच्या रानात मात्र जागा उरली नाही. तिथे गोणी फोडायची, मुठीने फेकायचे आणि पाणी सोडायचे.

पण यातले काय, किती, कधी वाहून जाते, हे कळायला आधी बाटल्या भराव्या लागतील. दौंडला भीमेवर पूल आहे. पुण्याचे सगळे पाणी तोवर नदीत मिसळलेले असते आणि पुढे लगेच उजनीचा फुगवटा सुरू होतो. भीमेकाठच्या एखाद्या महाविद्यालयाने त्या पुलावरून रोज एक बाटली भरायची, तारीख-वेळ लिहून ती शीतकपाटात ठेवायची आणि विरघळलेला स्फुरद व नायट्रेट मोजायचे, असे काम हाती घ्यावे. त्याला लागेल एक छोटी प्रयोगशाळा, रसायनशास्त्राचे दोन प्राध्यापक आणि पाळी लावून जाणारे विद्यार्थी. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात, नदी लाल होऊन येते त्या रात्री, त्यातल्या कुणीतरी छत्री घेऊन पुलावर जायचे आहे.